देवबाभळीचे गोत्र

पौषातल्या एखाद्या सकाळी ओढ्याकाठच्या पडीक बांधावरून चालत असता एकाएकी गोड, किंचित मसालेदार आणि अंगाभोवती रेंगाळणारा सुवास यावा, जवळपास बाग नाही आणि मोगऱ्याचे हे दिवसही नव्हेत असे मनाशी म्हणत इकडेतिकडे पाहावे, आणि ज्या काटेरी जाळीत धोतराचा सोगा अडकू नये म्हणून आपण वळसा घालून निघालो होतो तिच्याच फांद्यांवर हळदीच्या गोळ्यांसारखी पिवळी फुले ओळीने बसलेली दिसावी, हा अनुभव दख्खनच्या माळावर वावरणाऱ्या पुष्कळांनी घेतलेला असेल. या झुडपाला मराठीत देवबाभूळ किंवा गंधबाभूळ म्हणतात. तेलुगू मुलखात त्याला कस्तूरी तुम्म असे नाव आहे, आणि तुम्म म्हणजे बाभूळच. पण हेच झुडूप हिंदी प्रांतांत गेले की गुह बबूल होते, बंगालमध्ये गुये बाबला होते, आणि ज्या संस्कृत नावाशी आपल्या निघंटूंनी त्याचे नाते जोडून दिले आहे ते नाव विट्खदिर, म्हणजे विष्ठेचा वास येणारा खैर, असे आहे. एकाच वनस्पतीला एका गावी देवाचे आणि कस्तुरीचे नाव मिळावे आणि दुसऱ्या गावी चारचौघांत उच्चारू नये असे नाव मिळावे, हा प्रकार प्रथमदर्शनी विसंगत वाटतो. मात्र ज्याने या झुडपाचे फूल हुंगले आहे आणि त्याची मुळी खणून काढून नखाने खरवडलीही आहे, त्याला या दोन्ही नावांत तिळमात्र अतिशयोक्ती आढळणार नाही.

प्रस्तुत पुस्तकात या झुडपावर निरनिराळ्या देशांत झालेल्या शास्त्रीय संशोधनाचा परिचय करून दिला आहे. परिचय हा शब्द मी जाणूनबुजून योजतो. कारण या विषयाचा अभ्यास करीत असता जी गोष्ट माझ्या मनावर सर्वांत खोल ठसली ती ही की, वनस्पतीच्या गुणांविषयी जेवढे लिहिले जाते त्याच्या शतांशही काळजी ती वनस्पती नेमकी कोणती हे ठरविण्यात घेतली जात नाही, आणि मग एकीचे गुण दुसरीच्या खाती जमा होतात. देवबाभळीच्या बाबतीत असा घोळ जितका झाला आहे तितका आपल्या परिचयाच्या फारच थोड्या झाडांच्या बाबतीत झाला असेल. तेव्हा गुणांची यादी देण्यापूर्वी या झुडपाचे नाव-गाव आणि कूळ यांची रुजुवात करून घेणे मला अवश्य वाटते, आणि या प्रस्तावनेचा बराचसा विस्तार त्यासाठीच आहे.

प्रथम ते दिसते कसे हे पाहू. पुरुषभर किंवा दीड पुरुष उंचीचे, बुंध्यापासूनच फुटलेले झुडूप. फांद्या सरळ न जाता पेरापेरावर वळणाऱ्या, नागमोडी. त्यांच्या काळपट सालीवर पांढुरके ठिपके, ज्यांना शास्त्रात वल्करंध्रे म्हणतात. पानाच्या देठाशी दोन काटे, जोडीने. हे काटे म्हणजे पानाच्या बुडाशी असणारी उपपर्णेच रूप पालटून कठीण झालेली असतात. पान दोनदा विभागलेले, बाभळीच्या पानासारखेच बारीक पर्णिकांचे, संध्याकाळी मिटणारे. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो गोळा वस्तुतः कित्येक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो, आणि त्याचा पिवळेपणा पाकळ्यांचा नसून बाहेर डोकावणाऱ्या असंख्य केसरांचा असतो. पण ओळख पटविण्याची पक्की खूण शेंगेत आहे. साध्या बाभळीची शेंग चपटी आणि मण्यांच्या माळेसारखी दर बीजागणिक आवळलेली असते, हे धनगराच्या पोरालाही ठाऊक असते. देवबाभळीची शेंग मात्र बोटाएवढी जाड, गोलसर, फुगीर, पिकल्यावर काळपट तपकिरी होते आणि झाडावर आपण होऊन तडकत नाही. ती मोडली तर आत गराच्या पुडात बिया दोन ओळींत बसविल्यासारख्या दिसतात.

युरोपातील विद्वानांच्या दप्तरी या झुडपाची पहिली ठळक नोंद झाली ती रोममध्ये. कार्डिनल ओदोआर्दो फार्नेसे या धनाढ्य धर्माधिकाऱ्याच्या बागेत दुर्मीळ वनस्पतींचा संग्रह होता. त्या बागेत सांतो दोमिंगोहून, म्हणजे वेस्ट इंडीजमधून, आलेले बी १६११ साली रुजले, आणि १६२५ साली तोबिया आल्दिनी याच्या नावे त्या बागेतील वनस्पतींचे वर्णन करणारा जो लॅटिन ग्रंथ निघाला त्यात या झुडपाचे वर्णन आले. या ग्रंथाचा खरा कर्ता पिएत्रो कास्तेल्ली हा वैद्य होता असे मानतात. पुढे १७५३ मध्ये लिनीअसने मिमोसा फार्नेसियाना असे नाव देऊन त्या बागेची आठवण कायम केली, आणि १८०६ मध्ये विल्डेनॉव्ह याने त्याची रवानगी ॲकेशिया या प्रजातीत केली. ज्या माणसाच्या हौसेने हे बी मातीत पडले त्याचे आडनाव यापुढे कोठकोठपर्यंत पोचले हे सांगण्याचा प्रसंग पुढे येणारच आहे.

आता या कथेत हिंदुस्थानचा प्रवेश होतो. मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीत असलेले शल्यवैद्य रॉबर्ट वाइट आणि त्यांचे स्कॉटिश सहकारी वॉकर-आर्नॉट यांनी भारतीय द्वीपकल्पातील वनस्पतींवर जो ग्रंथ १८३४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी या झुडपाची न तडकणारी, गरयुक्त शेंग पाहून ते ॲकेशियात बसत नाही असा निवाडा दिला आणि त्याच्यासाठी व्हॅचेलिया ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. नाव दिले ते जॉर्ज हार्वे व्हॅचेल यांचे; हे मकाव येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीचे धर्मोपदेशक होते आणि चीनच्या किनाऱ्यावर वनस्पतींचे नमुने गोळा करण्याचा त्यांना नाद होता. पण पुढच्या शास्त्रज्ञांनी हा निवाडा मान्य केला नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ व्हॅचेलिया हे नाव समानार्थी नावांच्या अडगळीत पडून राहिले, आणि देवबाभूळ, साधी बाभूळ, हिवर, खैर, शिकेकाई ही सारी मंडळी ॲकेशियाच्या एकाच मोठ्या वाड्यात एकत्र नांदत राहिली.

हा वाडा इतका वाढला की अखेर वाटणीचा प्रसंग आला. विसाव्या शतकाच्या शेवटी जनुकीय पुराव्यावरून असे दिसून आले की, ॲकेशिया म्हणून जे ओळखले जाते ते एक कुटुंब नसून कित्येक निरनिराळी कुटुंबे केवळ बाह्य साम्यामुळे एका छपराखाली आलेली आहेत. वाटणी करावयाची तर मूळ आडनाव कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न उभा राहिला. नियम असा की, ज्या जातीवर प्रजातीचे नाव प्रथम आधारले असेल तिच्याकडे ते राहते, आणि फिलिप मिलरने १७५४ मध्ये मांडलेल्या ॲकेशियाची आधारभूत जाती होती ती आपली बाभूळ. ग्रीक वैद्य डायॉस्कोरिडीझ याने ज्या ईजिप्ती काटेरी झाडाच्या रसाला अकाकिया म्हटले ते हेच झाड. म्हणजे हे नाव बाभळीचे वडिलोपार्जित वतन होते म्हटले तरी चालेल. परंतु वाटणीत ज्या शाखेत बाभूळ गेली तीत जाती सुमारे एकशे साठ, तर ऑस्ट्रेलियातील शाखेत सुमारे एक हजार. एवढ्या झाडांची नावे बदलण्यापेक्षा आधारभूत जातीच बदलावी, अशी दरखास्त ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी आणली. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ती संमत झाली, आफ्रिकेतील अभ्यासकांनी तिला कसून विरोध केला, आणि २०११ साली मेलबर्नच्या परिषदेत तोच निर्णय कायम झाला. ॲकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाला गेले. आणि बाभळीच्या शाखेला नाव हवे म्हणून जुनी दप्तरे चाळली गेली तेव्हा वाइट आणि आर्नॉट यांनी १८३४ मध्ये एका काटेरी झुडपासाठी निर्माण केलेले, सर्वांनी विसरलेले व्हॅचेलिया हे नाव वर आले.

याचा परिणाम असा की, जी बाभूळ या मातीत शतकानुशतके नांगर, चाक, मोट आणि कुंपण यांना लाकूड पुरवीत आली, ती आता शास्त्राच्या लेखी व्हॅचेलिया नायलोटिका झाली, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या एका पाहुण्या झुडपाच्या गोत्रात तिचे दत्तकविधान झाले. हिवरही तिच्यासोबत तिकडेच गेला. खैर आणि शिकेकाई सेनेगॅलिया या वेगळ्या प्रजातीत गेली. नियमांचा विचार केला तर हा निर्णय व्यवहाराला धरून होता असे मला वाटते, आणि तरीही बाभळीकडून तिचे नाव गेले याचे वाईट वाटल्याखेरीज राहत नाही. वाचकाने मात्र एक ध्यानात ठेवावे: या पुस्तकात ज्या संशोधनाचा उल्लेख आहे त्यात ॲकेशिया फार्नेसियाना आणि व्हॅचेलिया फार्नेसियाना ही दोन्ही नावे भेटतील, वनस्पती एकच आहे.

पाहुण्या झुडपाच्या, असे मी वर म्हटले. हे झुडूप मूळचे मध्य अमेरिकेच्या पट्ट्यातले. मेक्सिकोत त्याला विसाचे म्हणतात, आणि ते नाव नाहुआत्ल भाषेतील काट्याच्या शब्दावरून आलेले आहे. तेथून ते सर्व उष्ण कटिबंधात कसे पसरले याविषयी पूर्वी केवळ तर्क होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने त्या तर्कांना पुष्कळसे निश्चित रूप दिले. फिलिपीन्समधील झुडपे दक्षिण-मध्य मेक्सिकोतील झुडपांशी जुळली, म्हणजे ती बहुधा थेट पॅसिफिक ओलांडून आली. आणि १५६५ पासून १८१५ पर्यंत आकापुल्को आणि मनिला यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबतांची नेमाने ये-जा होती हे लक्षात घेतले म्हणजे या प्रवासाची वाटही डोळ्यांपुढे येते. फिलिपीन्समध्ये या झुडपाला अजून आरोमा, म्हणजे स्पॅनिश भाषेत सुगंध, असेच म्हणतात. स्पेनमधील झुडपांत विविधता अधिक आढळली, त्याअर्थी तेथे ते एकदा नव्हे, अनेकदा आले असावे. पण ऑस्ट्रेलियातील झुडपे कोणाशीच जुळली नाहीत. तेथे हे झुडूप युरोपियनांच्या दळणवळणाशी संबंध नसता पोचलेले दिसते, आणि त्यांच्यापूर्वीच कोणी माणसांनी ते पॅसिफिकपार नेले असावे की काय, ही शक्यता त्या अभ्यासकांनी मोकळी ठेवली आहे.

येथे आपल्या आयुर्वेदाच्या अभ्यासकांनी क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. अमरकोशात अरिमेद, म्हणजेच इरिमेद, आणि विट्खदिर ही नावे एकत्र आली आहेत. मुखरोगांवर आणि हिरड्यांच्या दुखण्यावर वापरले जाणारे इरिमेदादि तैल वैद्यांच्या परिचयाचे आहे. आणि अर्वाचीन निघंटूंत इरिमेद म्हणजे देवबाभूळ असे लिहिलेले वारंवार आढळते. परंतु जे झुडूप अमेरिकेतून आले ते अमरसिंहाने पाहिले कसे? प्राचीनांचा अरिमेद हा हिवर असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि मलाही तेच सयुक्तिक वाटते. नवे झुडूप या देशात रुजले, त्याच्या सालीला आणि लाकडाला दुर्गंधी आढळली, आणि विट्खदिर हे तयार नाव लोकांनी त्याला देऊन टाकले. असे होणे अगदी स्वाभाविक होते. मात्र नावाबरोबर ग्रंथोक्त गुणही त्याच्या पदरात आपोआप पडले, आणि अडचण सुरू झाली ती तेथून.

या अडचणीचा मला एकदा प्रत्यक्ष प्रत्यय आला. काही वर्षांपूर्वी एका शहरातील काष्ठौषधींच्या दुकानात मी देवबाभळीची साल मागितली. दुकानदाराने खणातून पुडी काढून दिली, वर इरिमेद असे नीट लिहिलेले. घरी आणून उजेडात पाहिली तर तुकडे फिकट, पिवळसर करडे, वरचा पापुद्रा कागदासारखा सुटणारा. देवबाभळीची साल अशी नसते. वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांनी ती हातात घेताच हिवर म्हणून सांगितले. हिवराच्या लॅटिन नावाचा उत्तरार्ध, ल्यूकोफ्लिया, याचा अर्थच पांढऱ्या सालीचा असा आहे. पुढच्या खेपेस मी दुकानदाराला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो मनापासून म्हणाला, “दोन्ही एकच हो, गुणाला फरक नाही.” त्याच्या सचोटीबद्दल मला संशय नाही; प्राचीन अर्थाने पाहिले तर इरिमेद म्हणून हिवर देणारा तोच कदाचित बरोबर असेल. पण ती पुडी घेऊन एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत काम केले असते आणि निष्कर्ष व्हॅचेलिया फार्नेसियाना या नावाखाली छापले असते, तर पुढच्या दहा जणांनी त्याच चुकीचा हवाला दिला असता. ज्या शोधनिबंधात मूळ नमुना वनस्पती-संग्रहालयात ठेवल्याचा दाखला नाही, तो या पुस्तकात मी शक्यतो आधाराला घेतलेला नाही.

आता फुलाकडे वळू. दक्षिण फ्रान्समध्ये ग्रास आणि कान या गावांच्या परिसरात हे झुडूप केवळ फुलांसाठी लावले जात असे. तेथे त्याला कासी म्हणतात. शरद ऋतूत फुले खुडीत, ती कोमट केलेल्या चरबीत मुरवीत, आणि सुवासाने भारलेल्या त्या चरबीतून पुढे अर्क काढीत. नंतरच्या काळात चरबीची जागा बाष्पनशील द्रावकांनी घेतली. या अर्कात मेथिल सॅलिसिलेट, बेंझिल अल्कोहोल, ॲनिसाल्डिहाइड अशी अनेक द्रव्ये आढळली. पण रसायनशास्त्राच्या इतिहासात या फुलाचे नाव राहिले ते एका वेगळ्याच द्रव्यामुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी सुगंधी तेलांचे पृथक्करण करणाऱ्या जर्मन रसायनज्ञांच्या हाती एक मंद वासाचा तैलरूप पदार्थ आला. फार्नेसियाना या नावावरून त्याला फार्नेसॉल म्हणू लागले.

फार्नेसॉलमध्ये कार्बनचे पंधरा अणू असतात, आणि ते पाच-पाच अणूंच्या तीन सारख्या कड्या जोडून झालेले आहेत. निसर्ग ही पाच अणूंची कडी पुन्हा पुन्हा वापरून सुगंधी तेलांपासून रबरापर्यंत असंख्य पदार्थ घडवितो, हा नियम लिओपोल्ड रुझिच्का यांनी प्रस्थापित केला. उच्च टर्पिनांवरील कामाचा समावेश असलेले १९३९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मग शरीरात कोलेस्टेरॉल तयार होते कसे याचा शोध सुरू झाला, ज्यासाठी कॉनराड ब्लॉख आणि फेओदोर लिनेन यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि त्या साखळीच्या ऐन मध्यावर उभे होते फार्नेसॉलचेच एक फॉस्फेटयुक्त रूप. पंधरा अणूंचे असे दोन रेणू एकमेकांना जोडले की तीस अणूंचे स्क्वालीन होते, आणि स्क्वालीनची घडी घालून, काही अणू छाटून, सत्तावीस अणूंचे कोलेस्टेरॉल. ही प्रक्रिया वाचकाच्या यकृतात या घटकेला चालू आहे. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना जी बिसफॉस्फोनेट जातीची औषधे देतात त्यांपैकी नत्रयुक्त औषधे नेमक्या याच ठिकाणी, फार्नेसिल रूप तयार करणाऱ्या विकराला अडवून, काम करतात.

याच्याही पुढे गोष्ट जाते. पेशी आपल्या कित्येक प्रथिनांना हे पंधरा अणूंचे शेपूट चिकटवते, जेणेकरून ते प्रथिन पेशीच्या आवरणाला धरून राहील. या क्रियेचे शास्त्रीय नाव फार्नेसिलीकरण असे आहे. प्रोजेरिया नावाचा एक अत्यंत दुर्मीळ विकार आहे, ज्यात लहान मुले अकाली म्हातारी होतात. त्यांच्या पेशींत एका सदोष प्रथिनाचे हे शेपूट सुटायचे ते सुटत नाही. ते शेपूट चिकटविणाऱ्या विकराला रोखणारे लोनाफार्निब हे औषध २०२० साली अमेरिकेत मान्य झाले, आणि त्या औषधाच्या नावाच्या मध्यभागी अजून फार्न ही अक्षरे आहेत. २००१ साली असेही दिसून आले की, मानवी शरीरात राहणारी कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी स्वतःच फार्नेसॉल सोडते आणि आपल्या वस्तीची दाटी किती झाली याचा अंदाज त्यावरून घेऊन तंतू फुटू देत नाही. या सर्व संशोधनात देवबाभळीचे फूल कोणी वापरले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. फार्नेसॉल लिंडनच्या फुलांत, अंबाडीच्या वर्गातील कस्तुरभेंडीच्या बियांत, इतर पुष्कळ ठिकाणी मिळते आणि कारखान्यातही तयार होते. झुडपाने दिले ते नाव. तरी बांधावर ओळीने बसलेल्या त्या पिवळ्या गोळ्यांकडे पाहताना, यांचे नाव माझ्या प्रत्येक पेशीच्या हिशेबवहीत लिहिलेले आहे हा विचार माझ्या मनातून जात नाही.

देव या नावाची बाजू झाली. दुसऱ्या नावाचा पुरावा बियांत आहे. जावा बेटात जेंकोल नावाच्या झाडाच्या बिया आवडीने खातात. त्यांना उग्र वास असतो आणि त्या अति खाल्ल्या तर लघवीत स्फटिक साचून ती अडते. त्या बियांतून डच शास्त्रज्ञांनी एक गंधकयुक्त अमिनो आम्ल वेगळे केले, ज्याला जेंकोलिक आम्ल म्हणतात. याच आम्लाचे एक ॲसिटिल रूप १९६२ साली देवबाभळीच्या बियांतून प्रथम वेगळे करण्यात आले. या घराण्यातील झाडांच्या ऊती ठेचल्या, चावल्या किंवा खरवडल्या म्हणजे अशा द्रव्यांचे विघटन होऊन गंधकाची वायुरूप संयुगे सुटतात, आणि सडक्या कांद्यासारखा तो वास नाकाशी येतो. वरून फूल हुंगणाऱ्याने देव म्हटले, खालून मुळी खणणाऱ्याने विट् म्हटले, आणि रसायनशास्त्राने दोघांच्या साक्षी खऱ्या ठरविल्या. ज्यांनी ही नावे ठेवली त्या निरक्षर गुराख्यांच्या आणि लाकूडतोड्यांच्या निरीक्षणाविषयी मला नितांत आदर वाटतो.

बाकीच्या उपयोगांचा तपशील पुस्तकात सविस्तर आहे, त्यामुळे येथे तो लांबवीत नाही. बुंध्यातून डिंक येतो आणि तो अरबी डिंकासारखा वापरता येतो. साल आणि शेंगा यांत टॅनिन असल्यामुळे कातडी कमावण्यासाठी आणि लोहाच्या क्षारांशी मिसळून काळी शाई करण्यासाठी त्यांचा वापर झाला आहे. मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. कुंपण म्हणून तर ते विख्यातच आहे. अलीकडचे लक्षणीय काम मेक्सिकोतले आहे. तेथे शेळ्यांच्या चाऱ्यात शेंगा मिसळून दुधातील प्रतिऑक्सिडक द्रव्यांवर होणारा परिणाम तपासला गेला आहे. शेंगांतील मेथिल गॅलेट कॉलऱ्याच्या आणि क्षयाच्या जंतूंना रोखते असे प्रयोगशाळेत आढळले आहे. आणि खाणींच्या टाकाऊ मातीत, जेथे शिसे आणि आर्सेनिक यांमुळे दुसरे काही उगवत नाही, तेथे हे झुडूप तग धरते काय याचीही पाहणी झाली आहे. या सर्वांविषयी मी आशेने लिहिले आहे, पण एक मर्यादा कोठेही ओलांडू नये अशी दक्षता घेतली आहे: काचेच्या बशीत जंतू मेला म्हणजे रोगी बरा झाला असे नव्हे, आणि ज्या बियांत जेंकोलिक घराण्याचे आम्ल आहे त्यांचे चूर्ण कोणी वर्तमानपत्रातील चार ओळी वाचून फाकू नये.

हे झुडूप निरुपद्रवी आहे असाही समज होऊ नये. शेंगा गोड गरासाठी गुरे खातात, कठीण कवचाची बी शेणातून आणि लेंड्यांतून जशीच्या तशी बाहेर पडते, आणि पोटातल्या प्रवासात कवच किंचित झिजल्यामुळे उलट लवकर रुजते. ऑस्ट्रेलियात आणि पॅसिफिकच्या बेटांवर त्याने कुरणेच्या कुरणे व्यापून शेतकऱ्यांना जेरीस आणले आहे. आपल्याकडे विलायती बाभूळ म्हणून जी आणली गेली तिने गायरानांचे काय केले हे आपण पाहिलेलेच आहे, आणि तीही अमेरिकेतूनच आली. म्हणून देवबाभळीची लागवड सरसकट वाढवावी अशी शिफारस या पुस्तकात केलेली नाही. जेथे ती आहे तेथे तिचा उपयोग करावा आणि शेंगा गळण्यापूर्वी काढून घ्याव्या, एवढेच मी सुचवितो.

अखेरीस वाचकांना एक विनंती. या झुडपाची मराठी नावे मी जमेल तेवढी मिळविली, तरी कोकण, खानदेश, वऱ्हाड आणि गोमंतक येथील खेड्यांत आणखी नावे असतील याची मला खात्री आहे, आणि नुसते नाव लिहून कळविले तर ते हिवराचे, बाभळीचे की देवबाभळीचे हे ठरविता येत नाही. म्हणून ज्यांना हे झुडूप आढळेल त्यांनी फुलांची आणि शेंगेची अशा दोन डहाळ्या घ्याव्या. फूल माघाच्या आत मिळेल, शेंग पिकायला उन्हाळा लागेल, तेव्हा दोनदा जावे लागेल. प्रत्येक डहाळी जुन्या वर्तमानपत्रात पसरून, वर वजन ठेवून, रोज कागद बदलीत आठवडाभर सुकवावी. सोबतच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, जमीन माळाची की ओढ्याकाठची, आणि नाव ज्याने सांगितले तो त्या झाडाचे काय करतो हे लिहावे. काटे कागद फाडतात, म्हणून ते खालच्या बाजूला दाबून बसवावे. आणि शेंग मात्र मोडू नये, ती अखंड असावी.